‘जणू’ आलं की उत्प्रेक्षाच का? आठ ओळींची कविता आणि माझी अडलेली उत्तरसूची

ओंजळ

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी मराठी शिकवते. अलंकारांच्या सरावाला दर वेळी तीच ती उदाहरणं दिली की मुलं ओळ वाचायच्या आधीच उत्तर लिहून मोकळी होतात, म्हणून यंदा मीच आठ ओळी केल्या आणि वर्कशीटवर घातल्या. कविता म्हणून फार काही नाही, पण जे लिहिलंय ते सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

धुके नव्हे हे, दुलई ओली
डोंगर अजुनी निजला खाली
थेंब अळूवर पाऱ्याजैसा
पळे, थांबतो, पळे जरासा
वेळू वाकुन बघतो पाणी
जणू स्वतःचे शोधत कोणी
एकच पिवळे पान गळाले
ओढ्यावरती वाहत गेले

माझी उत्तरसूची अशी होती: पहिली ओळ अपन्हुती (खरी वस्तू नाकारून ती दुसरीच आहे म्हणणं), दुसरी चेतनागुणोक्ती (निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवणं), तिसरी-चौथी उपमा, पाचवी-सहावी उत्प्रेक्षा (जणू काही असंच आहे अशी कल्पना), शेवटच्या दोन स्वभावोक्ती (जसं आहे तसं हुबेहूब वर्णन). पेपर तपासायला बसले आणि तीन ठिकाणी अडले. पहिल्या ओळीला बऱ्याच जणांनी रूपक लिहिलंय. पाचव्या-सहाव्याला निम्म्या वर्गाने चेतनागुणोक्ती, आणि एका मुलीने उपमा लिहून खाली कारणही दिलंय. शेवटच्या दोन ओळींना एकाने ‘इथे अलंकार नाही’ एवढंच लिहिलंय, त्याला मी शून्य दिलं आणि तेव्हापासून ते शून्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. आणखी एकीने त्याच ओळींना अन्योक्ती म्हटलंय, पान म्हणजे माणूस असं.

कविता माझीच आहे, तरी मला खात्रीने सांगता येत नाहीये की मी कुठला अलंकार वापरलाय. तुम्ही काय म्हणाल?

कोरीपाटी

ताई, मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय, आमच्याकडे सरळ हिशोब असतो. सम, समान, सारखा, जसा, प्रमाणे, वाणी, तुल्य आलं की उपमा. जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे आलं की उत्प्रेक्षा. नव्हे किंवा नसे आलं की अपन्हुती. वस्तूला माणसासारखं वागवलं की चेतनागुणोक्ती. तुमची उत्तरसूची बरोबरच आहे, शून्य पण बरोबर आहे. वेळ कमी असतो तेव्हा याच खुणा कामाला येतात.

अर्धमात्रा

कोरीपाटी, खुणा कामाला येतात हे मान्य, मीही तशाच पाठ केल्या होत्या. पण खूण म्हणजे वस्तू नाही ना. ‘पाऊस सारखा पडतोय’ यात सारखा आहे, उपमा आहे का? तिथे सारखा म्हणजे सतत. ‘पाऊस येणार असल्यासारखं वाटतंय’ यात सारखं पण आहे आणि वाटतंय पण आहे, तुमच्या हिशोबाने उपमा आणि उत्प्रेक्षा दोन्ही व्हायला हवेत, प्रत्यक्षात एकही नाही, आभाळ बघून केलेला साधा अंदाज आहे. ‘आज नव्हे, उद्या ऊन पडेल’ यात नव्हे आहे, अपन्हुती कुठे आहे?

आणि ‘जणू’बद्दलच बोलायचं तर हा वाद आपण पहिल्यांदा घालत नाही आहोत. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यादर्श या ग्रंथात, म्हणजे साधारण 7व्या-8व्या शतकात, नेमका हाच प्रश्न घेतलाय. मृच्छकटिक या संस्कृत नाटकातला अंधाराच्या वर्णनाचा प्रसिद्ध श्लोक आहे, त्यात म्हटलंय की अंधार जणू अंगाला माखतोय आणि आकाश जणू काजळाचा पाऊस पाडतंय. मूळ संस्कृतात दोन्हीकडे ‘इव’ आहे, आणि ‘इव’ हा उपमेचा ठरलेला शब्द, म्हणून काही लोक त्याला उपमा म्हणायचे. दंडी म्हणतो की शब्द ऐकून फसू नका, माखणे हे क्रियापद आहे आणि क्रियापद उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) होऊ शकत नाही, मग अंधाराची तुलना कुणाशी केलीय ते दाखवा. दाखवता येत नाही, म्हणून ती उत्प्रेक्षा. आणि पुढे तो सांगतो की मला वाटतं, शंका येते, नक्कीच, बहुधा अशा शब्दांनी उत्प्रेक्षा कळते आणि ‘इव’सुद्धा त्यांच्यातलाच एक आहे. म्हणजे एकच शब्द दोन्हीकडे चालतो हे तेव्हाच नोंदवून ठेवलंय.

आपलं ‘जणू’ पण तसंच. हेमचंद्राने 12व्या शतकात अपभ्रंश या जुन्या भाषेचं व्याकरण लिहिलं, त्यात ‘इव’च्या अर्थाने येणारे शब्द दिलेत आणि त्यांत ‘जणु’ आहे. आपल्या ‘जणू’चं हेच जुनं रूप. त्यामुळे ‘जणू’ म्हणजे उत्प्रेक्षाच असं त्या शब्दाच्या जन्मापासून ठरलेलं नाही. विचारायचं ते हे, की दोन वस्तू शेजारी ठेवल्यात, का एकाच वस्तूकडे बघून काही कल्पना केलीय?

ओंजळ

अर्धमात्रा, खूप धन्यवाद, हे मला माहीतच नव्हतं. पण मग माझी सहावी ओळ? ‘जणू स्वतःचे शोधत कोणी’. यात ‘शोधत’ पण आहे आणि ‘कोणी’ पण आहे. त्या उपमावाल्या मुलीने हेच लिहिलंय: ‘वेळूची तुलना शोधणाऱ्या कोणाशी तरी केली आहे.’

अर्धमात्रा

मुलगी हुशार आहे. तुमची ओळ दोन तऱ्हांनी वाचता येते. एक, जणू [स्वतःचे कोणी] शोधत, म्हणजे वेळू पाण्यात आपल्या नात्यातलं कुणीतरी शोधतोय. यात वाकण्यावर शोधण्याची कल्पना केलीय, दुसरी वस्तूच नाही, दंडीच्या हिशोबाने स्वच्छ उत्प्रेक्षा. दुसरी, जणू [कोणी] स्वतःचे शोधत, म्हणजे कुणी माणूस आपलं हरवलेलं शोधत असावा तसा वेळू दिसतोय. यात ‘कोणी’ ही वेगळी व्यक्ती उभी राहते, उपमेय (ज्याची तुलना करायची ते) वेळू, उपमान तो माणूस, आणि मग उपमा म्हणायला जागा मिळते. तिने दुसऱ्या तऱ्हेने वाचलं आणि वाचलं तसंच उत्तर दिलं. तिचे मार्क कापू नका एवढं मात्र नक्की.

पायवाट

मला व्याकरण फार कळत नाही पण रानात फिरणं खूप होतं त्यामुळे त्या बाजूने सांगते. ‘वेळू वाकुन बघतो’ यात वाकणं ही कवीची कल्पना नाहीये. वेळू वाकतोच. शेंड्याकडे निमुळता होत जातो, पानांवर पाणी साठलं की शेंडा खाली येतो, पाऊस थांबून पाणी ठिबकून गेलं की परत वर जातो, अगदी डोळ्यासमोर होतं हे. म्हणजे वाकून ही खरी गोष्ट आणि बघतो ही कवीने घातलेली गोष्ट. निम्म्या वर्गाला जी चेतनागुणोक्ती दिसली ती त्या एका शब्दात आहे, ‘बघतो’मध्ये. मुलांना ओळ दाखवून अलंकार विचारण्याऐवजी, खरं कुठे संपतं आणि कल्पना कुठे सुरू होते त्या शब्दाखाली रेघ मारा असं सांगितलं तर?

एक प्रश्न पण आहे. वेळू एकटा सहसा नसतो, बेटच असतं त्याचं, म्हणजे बांबूंचा दाट झुबका. मग स्वतःचं कोणी शोधायला तो पाण्यात का बघेल, शेजारीच तर सगळे आहेत.

ओंजळ

पायवाट, बरोबर पकडलंत. मी बघितलेला वेळू बेटाच्या कडेचा होता, एकच काठी बाकीच्यांना सोडून ओढ्याकडे पार कललेली, आणि खाली पाण्यात तिचं प्रतिबिंब वर येताना दिसत होतं. ते मला आठ ओळींत बसवता आलं नाही. वाचणाऱ्याला बेट दिसत नाही, कललेली काठी दिसत नाही, फक्त वेळू दिसतो.

रेघेची कल्पना फार आवडली.

सायली_वाचते

पाचवी-सहावी ओळ वेगवेगळी विचारायला हवी होती असं मला वाटतं. पाचवी एकटी वाचली तर चेतनागुणोक्तीच. सहावी जोडली की उत्प्रेक्षा. दोन्ही बरोबर आहेत, कारण एका ओळीत एकच अलंकार असतो हा नियम कुणी केलेलाच नाही. जुन्या शास्त्रात यासाठी शब्द पण आहेत, तीळ आणि तांदूळ मिसळावेत तसे वेगवेगळे ओळखू येत असतील तर संसृष्टी, दूध-पाण्यासारखे मिसळून गेले असतील तर संकर. इथे मला संकर वाटतो, कारण वेळूला डोळे दिल्याशिवाय त्याला शोधायला लावताच येत नाही.

आणि बघा, संसृष्टी आणि संकर समजवायला त्यांनाही उपमाच लागली!

ना_धड_कवी

पहिल्या ओळीवर कुणीच बोललं नाही अजून, माझा जीव तिथे अडकलाय. रूपक लिहिणारी मुलं चुकली आहेत पण फार लांब गेलेली नाहीत. धुकं आणि दुलई ही जोडी घ्या आणि फक्त वाक्य बदलत जा. धुकं दुलईसारखं पसरलंय म्हटलं की उपमा, इथे दोन वस्तू दोन आहेत. धुकं म्हणजे जणू दुलईच म्हटलं की उत्प्रेक्षा, एक वस्तू दुसरीसारखी भासायला लागली. धुक्याची दुलई डोंगराने ओढून घेतली म्हटलं की रूपक, दोन्ही एकच झाल्या. हे धुकं नव्हेच, दुलई आहे म्हटलं की अपन्हुती, इथे खऱ्या वस्तूला नाकारलंच. हे धुकं की दुलई असं विचारत राहिलो तर ससंदेह. आणि खरोखरच दुलई समजून कुणी पायाशी ओढायला गेलं तर भ्रांतिमान. धुकं दुलईपेक्षाही मऊ म्हटलं तर व्यतिरेक, या धुक्याला उपमा याच धुक्याची म्हटलं तर अनन्वय, आणि धुक्याचं नावच न घेता ‘डोंगरावर दुलई पडलीय’ म्हटलं तर अतिशयोक्तीचा एक प्रकार, कारण उपमेय उपमानाने गिळून टाकलंय. जोडी तीच, आणि कवी तिच्याशी कसं वागतो त्यावर नाव बदलतं. मी अलंकार शिकलो ते असे, एकच जोडी घेऊन. व्याख्या पाठ करून मला कधीच जमलं नाही.

तर रूपक आणि अपन्हुतीत फरक एवढाच, की रूपकात धुकं दुलई होतं तरी धुकं राहतंच, अपन्हुतीत धुक्याला बाहेर काढलेलं असतं.

पण ओंजळ ताई, एक शंका. ‘ओली’ का? ओल्या दुलईत कुणाला झोप लागेल? दुलईचा गुण ऊब, आणि तुम्ही ती भिजवून ठेवलीत. मला तो शब्द खटकला.

वाळलेली_शाई

मला उलट वाटतं. ‘ओली’ काढली तर ती ओळ मेली. धुकं नव्हे असं ठणकावून सांगितलंय आणि दोन शब्दांनी तेच धुकं ‘ओली’ होऊन परत आलंय. दुलई ओली नसते, धुकं ओलं असतं. म्हणजे नाकारलेल्या वस्तूचा गुण नव्या वस्तूला चिकटून राहिला. अपन्हुतीत कवी खोटं बोलतो आणि वाचणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत असतं, गंमत त्यातच असते, आणि इथे तो पुरावा कवितेतच पडलाय. मी तर मुलांना हाच प्रश्न विचारेन, की या ओळीतला कुठला शब्द धुक्याचा आहे आणि कुठला दुलईचा.

ना_धड_कवी

हं. पुन्हा वाचली, तुमचं म्हणणं पटतंय. माझा आक्षेप मागे. तरी खालच्या डोंगराची मला काळजी वाटतेय :)

दोन_बोटं_शाई

मी विद्यार्थी आहे, बोलू का? आम्हाला एक ओळ दिलेली असते आणि एक मार्क असतो त्यामुळे आम्ही खूणच बघतो, पूर्ण कविता कुणी देत नाही. पण मला थेंबाची ओळ विचारायची आहे. पाऱ्याजैसा म्हणजे उपमा हे कळलं. उपमेय थेंब, उपमान पारा, जैसा हा साधर्म्य दाखवणारा शब्द. साधारण धर्म, म्हणजे दोघांतला सारखा गुण, काय लिहायचा? मी चमकणे लिहिलं असतं. माझ्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली पारा चढतो म्हणजे राग, तर थेंब रागावलाय का. आम्ही दोघींनी पारा कधी बघितलेलाच नाही.

पायवाट

अगं विचार की, कितीही. पारा न बघितलेली तुमची पहिलीच पिढी असेल, आमच्या लहानपणी काचेचा थर्मामीटर फुटला की मोठी माणसं ओरडायची, हात लावू नका म्हणून, आणि आम्ही लांबून बघायचो. जमिनीवर पाऱ्याचे मणी व्हायचे. ते पसरायचे नाहीत, फरशीला ओल लागायची नाही, नुसते घरंगळत इकडून तिकडे जायचे आणि दोन मणी भेटले की एक व्हायचे. हे वाचून करून बघू नकोस हं, पारा विषारी असतो.

आता अळूचं पान बघ, ते मात्र बघायला काही हरकत नाही. थेंब सोड त्याच्यावर. पान भिजतच नाही. पानावर मेणासारखा थर असतो आणि तो अतिशय बारीक खडबडीत असतो, डोळ्याला दिसत नाही इतका, त्यामुळे थेंबाखाली हवा अडकून राहते आणि थेंब जवळजवळ त्या हवेवरच उभा असतो. पान जरा कललं की पळाला. मग शिरा एकत्र येतात तिथल्या खोलगट जागी येऊन थांबतो. वारा आला की परत पळाला. पान पाण्यात बुडवून तिरकं बघितलंस तर चंदेरी दिसेल, ती चांदी म्हणजे अडकलेली हवाच. तर चमकणं पण खरं आहे, पण कवितेत ते म्हटलेलं नाही. अळवावरचं पाणी हे आपण न टिकणाऱ्या गोष्टीला म्हणतो, तेही मूळ या पळण्यावरूनच आलंय.

अर्धमात्रा

आणि म्हणून साधारण धर्म चौथ्या ओळीत आहे! पळे, थांबतो, पळे जरासा. कवयित्रीने तो स्वतःच सांगितलाय, वाचणाऱ्यावर सोडलेला नाही. उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द आणि साधारण धर्म, चारही हजर, म्हणजे पूर्णोपमा. तिसरी ओळ एकटी दिली तर धर्म गायब, ती लुप्तोपमा, आणि मग चमकणे, गोल असणे, राग, काहीही लिहिता येतं आणि कुणाला चूक म्हणता येत नाही. दोन_बोटं_शाई, तू म्हणालीस ना की तुम्हाला एकच ओळ देतात, बघ काय होतं त्याने. ओळ तोडली की उत्तर बदलतं. हा दोष मुलांचा नाही.

मंद्र

मी ही कविता मोठ्याने वाचली आणि मला सगळ्यात आधी ऐकू आला तो ‘ळ’. अळूवर, पळे, पळे, वेळू, पिवळे, गळाले. सहा वेळा. पहिल्या दोन ओळींत डोंगर झोपलाय तिथे एकही नाही, आणि पाणी हलायला लागल्यावर ‘ळ’ सुरू होतो. शेवटच्या ओळीत पुन्हा नाही. हे ठरवून केलं होतं का?

अनुप्रास म्हणजे एकाच ओळीत एकच अक्षर पाच वेळा ठोकणं असं शाळेत डोक्यात बसतं, पण असा लांब लांब विखुरलेला आवाज पण अनुप्रासच आहे आणि मला तो जास्त आवडतो. उत्तरसूचीत तो नाहीच. अर्थालंकार, म्हणजे अर्थावर उभे असलेले अलंकार, शोधण्याच्या नादात आपण कान बंद ठेवतो. शिवाय प्रत्येक ओळीत 16 मात्रा आहेत, 8 आणि 8, म्हणजे पादाकुलक वृत्त. ‘वाकून’चं ‘वाकुन’ आणि ‘अजून’चं ‘अजुनी’ त्यासाठीच झालंय ना?

ओंजळ

मात्रांसाठीच. ‘ळ’ मात्र ठरवून केलेला नाही, तुम्ही सांगेपर्यंत मला दिसलाही नव्हता, आत्ता मोजून बघितला, खरंच सहा आहेत.

आता शेवटच्या दोन ओळींचं सांगा कुणीतरी. त्या शून्याचं.

कोरीपाटी

मी आधी शून्य बरोबर म्हटलं होतं ते जरा घाईने म्हटलं. पण स्वभावोक्तीची व्याख्या अशी आहे की एखाद्या प्राण्याचं, वस्तूचं, व्यक्तीचं हुबेहूब पण वैशिष्ट्यपूर्ण वर्णन. पान गळालं आणि वाहत गेलं, हे हुबेहूब आहे. मग स्वभावोक्ती आहेच ना? अलंकार नाही कसं म्हणता येईल?

अर्धमात्रा

म्हणता येतं, आणि ते म्हणणारा मोठा माणूस होऊन गेलाय. यावर जुन्या लोकांत चांगलंच भांडण आहे. भामह या काव्यशास्त्रकाराने एक उदाहरण घेतलंय, सूर्य मावळला, चंद्र प्रकाशतोय, पाखरं घरट्यांकडे निघालीत, आणि विचारलंय की हे काय काव्य आहे? ही तर नुसती वार्ता. आणि दंडीने नेमकं तेच वाक्य घेऊन म्हटलंय की वेळ कुठली झालीय हे सुचवायला हेही चांगलंच आहे. शब्द सगळे तेच, आणि निकाल उलटे. दंडीने स्वभावोक्तीला तर अलंकारांमध्ये पहिला मान दिलाय. पुढे 11व्या शतकात मम्मटाने पण तिला अलंकारांत जागा दिली, मुलांच्या वगैरे हालचालींचं आणि रूपाचं वर्णन म्हणून.

पण कुंतक या काव्यशास्त्रकाराने आपल्या वक्रोक्तिजीवित या ग्रंथात स्वभावोक्ती हा अलंकार आहे हेच साफ नाकारलंय. त्याचं म्हणणं असं, की अलंकार म्हणजे दागिना. दागिना घालायला अंग लागतं. वस्तूचा स्वभाव हे अंग आहे. अंगालाच दागिना म्हटलंत तर तो घालायचा कुणावर? शरीर स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही.

ज्या मुलाने ‘इथे अलंकार नाही’ लिहिलं, तो कुंतकाच्या बाजूला उभा आहे. त्याला ते माहीत नाही एवढंच.

ओंजळ

हे वाचून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

त्याने इतर सगळी उत्तरं लिहिली आहेत हो, पहिली अपन्हुती, पूर्णोपमा असा नीट शब्द, म्हणजे आळस करून सोडलेला प्रश्न नव्हता तो. त्याला खरंच तिथे काही दिसलं नाही, आणि तिथे खरंच काही घातलेलं नाही. मी ते पान खिडकीतून बघितलं आणि जसं गेलं तसं लिहिलं.

वाळलेली_शाई

आणि सहा ओळी सजवलेल्या असल्यामुळेच त्या दोन उघड्या ओळी लागतात. डोंगर झोपतो, थेंब पाऱ्यासारखा, वेळू शोधतोय, सगळं काही दुसरं काहीतरी झालंय, आणि पान मात्र पानच राहिलंय. तिथे उपमा घातली असतीत तर मी ती ओळ विसरून गेले असते. अलंकार ओळखा या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर पण बरोबर असू शकतं, ही सोय कुठल्याच पेपरात नसते, आणि मग मुलांना नाही तिथे पण काहीतरी शोधून काढावंच लागतं. मला हे फार लागतं. शोधायची सक्ती असली की वाचणं संपतं.

सायली_वाचते

आणि अन्योक्तीवाली मुलगी? पान म्हणजे माणूस?

अन्योक्तीत बोलणाऱ्याला दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायचं असतं आणि पहिला नुसता निमित्त असतो, म्हणजे लेकी बोले सुने लागे. इथे तसं नाही, पान निमित्त नाहीये, ते खरंच पान आहे. पण तिला जे जाणवलं ते खोटं नाही. ‘पिवळे पान’ म्हटलं की वय डोक्यात येतं आणि ‘एकच’ म्हटलं की एकटेपण येतं. हे सुचणं अलंकाराच्या खात्यात जात नाही, ते व्यंजनेच्या, म्हणजे थेट न सांगता सुचवण्याच्या, खात्यात जातं, आनंदवर्धनाने 9व्या शतकात ज्याला ध्वनी म्हटलं ते. ‘एकच’ ऐवजी ‘एक’ असतं तर तिला माणूस दिसला असता का, हे तिलाच विचारा. मी तिला अन्योक्तीचा मार्क देणार नाही, पण वर्गात तिचंच उत्तर आधी वाचून दाखवेन.

दोन_बोटं_शाई

मला आत्ता पहिल्यांदा कळलं की पान गळालं हे पण कवितेत चालतं. मला वाटायचं कविता म्हणजे कशाला तरी कशाची तरी उपमा दिलीच पाहिजे.

ओंजळ

अगदी हेच मला माझ्या वर्गात नको होतं आणि मीच ते वर्कशीट तसं केलं.

तर काय करतेय ते सांगते. शून्य खोडलं, पूर्ण मार्क दिले आणि शेजारी लिहिलं की कुंतक नावाच्या माणसाचं मत तुझ्यासारखंच होतं, वर्गात बोलू. ज्यांनी स्वभावोक्ती लिहिलंय त्यांनाही पूर्ण, त्यांच्या बाजूला दंडी आहे. वेळूच्या ओळींना उत्प्रेक्षा आणि चेतनागुणोक्ती दोन्ही बरोबर, आणि उपमावालीला कारणासकट बरोबर. पहिल्या ओळीला रूपक लिहिणाऱ्यांना अर्धा, आणि ना_धड_कवी यांनी केली तशी धुकं-दुलईची वाक्यं त्यांच्याकडून करून घेणार. पुढच्या वर्कशीटवर ओळी तोडणार नाही, पूर्ण कविता देईन आणि रेघ मारायला लावेन. शब्दाखाली.

कोरीपाटी

ताई, पुढचं वर्कशीट इथे पण टाका. मी पण सोडवीन, खुणा न बघता.

ना_धड_कवी

एक शेवटची सूचना. ‘जणू स्वतःचे शोधत कोणी’ ऐवजी ‘जणू स्वतःला शोधत कोणी’ करा ना. मात्रा तेवढ्याच राहतात, 8 आणि 8, मोजून बघितल्या. पाण्यात प्रतिबिंब असतं, तर स्वतःला शोधणं जास्त बसतं, आणि दोन अर्थांचा घोळ पण संपेल.

ओंजळ

मोजल्या, बसतात. रात्री दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून कितीतरी वेळ वाचल्या. ‘स्वतःला’ जास्त स्वच्छ आहे. पण बेटातून बाहेर कललेली ती काठी मला दिसते ना, ती स्वतःला शोधत नव्हती. तिला पाण्यात दुसरा एक वेळू वर येताना दिसत होता. ‘स्वतःचे’ राहू दे.

पायवाट

राहू दे. आणि पुढच्या कवितेत बेट येऊ दे.